आय कम, टीचर

वलवण, लोणावळे
ता. १४ नोव्हेंबर १९३७

चि. लीलास आबाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. भातकापणी चालू आहे, म्हणजे तुझा भाऊ हौशीराम बांधावर उभा राहून ओरडतो आणि भात कापते तुझी वहिनी. म्हैस व्याली, रेडा झाला, तेव्हापासून आईचं तोंड उतरलंय. झांजीबारात थंडी पडत नाही म्हणतेस, मग मी दिलेल्या स्वेटराचं काय केलंस?

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेला तू आणखी तीन वर्षं हवी आहेस, करारावर सही करू की परत येऊ, असं विचारलं आहेस. त्याचं सांगतो. आधी दुसरं.

ती तुझ्या वर्गाची गोष्ट वाचून मी इतका हसलो की चष्मा काढावा लागला. गोऱ्या तपासनीस बाई आलेल्या, घंटा झाली, आणि तुझ्या त्या अरबांच्या पोरी उठून एका सुरात म्हणाल्या, ‘आय कम, टीचर,’ आणि चालू पडल्या! बाई दाराकडे बघतच राहिल्या. येते म्हणतात आणि जातात कशा? यांना ‘आय गो’ शिकवा, म्हणाल्या. तुला म्हणे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरी, चूक तुझी नाही, माझी आहे. कुंकू पुसून तू माहेरी आलीस, तेव्हा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात शेजारी बसवून मीच तुला इंग्रजी शिकवलं. मी स्वतः नोकरीभर ड्यूटी सुटली की साहेबाला ‘आय कम, सर’ म्हणायचो. साहेब नवा असला की बिचारा मी परत येईन म्हणून खोळंबून बसायचा. पण घरातून निघताना ‘जातो’ कसं म्हणायचं? आपल्यात जातो तो कायमचाच.

इथवर लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“पुन्यांदा वाचा,” म्हणाली. मी वाचलं.

“म्हंजी ‘येते’ म्हनायचं तिला ठावं हाय?”

लीला, तुला आठवतं का ते ठाऊक नाही. लोणावळे स्टेशनात गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून ‘जाते गं आई’ म्हणालीस. घाईत म्हणाली असशील. आईनं ते मनात धरलं. पोर माघारी यायची नाही, तिचं तिनंच सांगितलं, असं म्हणून दोन वर्षं तिनं तुला एकही निरोप धाडला नाही. ती झोपली की मी माझ्याच मनानं ‘आईचे आशीर्वाद’ लिहीत होतो.

“अन् त्या पोरी खरंच माघारी येत्यात?” तिनं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी शाळा असते. येणारच.”

“मंग झालं की. करू द्या सही. पर त्या मडमेचं ऐकू नगं म्हनावं. लेकरास्नी ‘जाते’ म्हनाया लावू नगं.”

आणि तांदूळ पाखडायला लागली. कितीतरी दिवसांनी गाणंही गुणगुणत होती.

खरं सांगू? ती ‘बोलवून घ्या’ म्हणेल अशी माझी खात्री होती. मग मला तुझ्यावर काही लादावं लागलं नसतं. मागच्या प्रत्येक पत्रात मी ‘आईचे गुडघे दुखतात, आई वाट पाहते’ असं लिहिलं. गुडघे तिचे दुखतात, ते खरं. वाट मी पाहतो. पेपर आणायचं निमित्त करून रोज मेलच्या वेळेला स्टेशनात जाऊन उभा राहतो. गेणू हमालाला सगळं कळतं, “आबा, आज बी न्हाई व्हय?” असं विचारून तो मला चहा पाजतो.

तरी सही कर. आई म्हणते म्हणून नाही, मी म्हणतो म्हणून. तिथं इतक्या पोरी तुला रोज ‘आय कम’ म्हणतात, त्यांच्याकडे पाठ फिरवू नकोस.

फक्त पुढच्या पत्राच्या शेवटी, नावाच्या आधी, तेवढा एक शब्द लिही. इंग्रजीत लिहिलास तरी चालेल. चुकीच्याच इंग्रजीत लिही. या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आईचे आशीर्वाद. या खेपेला खरे.

तुझी वाट पाहणारा,
आबा