पूर्णविराम न घेता

३ जानेवारी
रुचिराची गोष्ट पेपरात आली. माझी धाकटी जाऊ, बी.ए. झालेली. अख्ख्या गोष्टीत पूर्णविराम एकच, तो पण शेवटी. वाक्यं अर्धीमुर्धी. मी म्हटलं, छापणाऱ्याने घाण केलीन. आमचे हे म्हणाले, ती स्टाईल असते, नियम मुद्दाम मोडलेत. मी चौथीत हेच मोडलेले तर बाईंनी हातावर पट्टी ओढली. तेव्हा कोणी स्टाईल म्हणालं नाही.
मला जळायचं काही कारण नाही. कात्रण मागायला चार जणी आल्या, त्यात एक माझी सख्खी बहीण.

५ जानेवारी
महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गोष्ट वाचायची स्पर्धा आहे. स्वतः लिहिलेली पाहिजे. नाव दिलं. रुचिराने दिलंय म्हणून नाही. रोज दुपारी एक पान लिहायचं.

९ जानेवारी
बांगडा भरपूर आला, बाजारातून उठायला वेळ नाही. पान शून्य. पण डोक्यात चालू आहे, तेही लिहिण्यातच धरायचं.

१२ जानेवारी
झाली. वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट. शेवट आधी, सुरुवात मधे. पूर्णविराम एक पण नाही, म्हणजे रुचिरापेक्षा एकाने पुढे.
ह्यांनी वाचलंन नि विचारलंन, होडी बुडाली की विकली? म्हटलं, कळत नाही तीच स्टाईल.
रुचिरा म्हणाली, वहिनी, एकदा मोठ्याने वाचून बघा. माझ्या गोष्टीला घाबरली. मी काही वाचून बघितली नाही.

१८ जानेवारी, हळदीकुंकवाहून आल्यावर
गोष्टीत थांबायला जागाच नव्हती. तिसऱ्या ओळीला दम कोंडला, आवाज चढला नि लिलावाचा सूर लागला. माझं माहेर हर्णेचं, लग्नाआधी बंदरावर मासळीचा लिलाव मीच पुकारायचे. गळा थोडाच विसरतो. होडी बुडत होती आणि मागून कमळाने, बाजारात माझ्या शेजारी बसते ती, हात वर केलान. म्हणाली, बाराशे. दुसरी कोणीतरी साडेबाराशे म्हणाली. मी पण तोंडाच्या सवयीने साडेबाराशे एक, साडेबाराशे दोन. कमळा तेराशेला चढली, होडी तिलाच गेली. बायका हसून आडव्या.
बक्षीस रुचिराला. परीक्षक बाई मासे खात नाहीत, त्यांना काय कळणार.

२४ जानेवारी
रुचिरा नवीन गोष्ट घेऊन आली. गोष्ट वाचता वाचता लिलाव पुकारणाऱ्या बाईची. म्हणाली, आधी तुम्ही वाचा वहिनी, नको म्हणालात तर फाडते.
फाड म्हणायचं ठरवूनच वाचायला घेतली. एक पण पूर्णविराम नाही, तरी दम लागला नाही. मी जिथे श्वास घेते, बरोबर तिथेच मेलीने वाक्य वळवलंन.
विचारलं, ह्या बाईला शेवटी बक्षीस का नाही? म्हणाली, दिलं तर गोष्ट बिघडते.
म्हटलं, एवढे नियम मोडलेस, हा एक मोड.
म्हणाली, वहिनी, हा नाही मोडता येत.