हिरव्या पानाचा गोंद

रेगिन,
११ फेब्रुवारी

प्रिय स्मारांदा,

बरी असशील. आम्ही इथे आहोत तसेच आहोत. मुरेश नदी काठाकाठाने गोठली आहे. आईचा गुडघा पुन्हा धरला. तुझी आजी रविवारी चर्चबाहेर भेटली, तू फोन करत नाहीस म्हणून माझ्यावरच रागावली, जणू मीच तुला अडवतो. माझ्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस ते मी तिला सांगितलं नाही. या पत्रालाही देऊ नकोस हवं तर. फक्त शेवटपर्यंत वाच.

तू परत पाठवलेलं व्हायोलिन पोचलं. सोबतची चिठ्ठी गावरिलकाकांच्या नावाची होती. त्यांनी ती वाचून कामाच्या मेजावर उघडीच ठेवली, मग मीही वाचली. वरची फळी चिरली, ऐन परीक्षेला तुला दुसऱ्याचं वाद्य मागून न्यावं लागलं, आणि तुझे प्राध्यापक भर वर्गात म्हणाले की लाकूड कच्चं होतं, गावरिलकडे यापुढे कुणी वाद्य करायला टाकू नका. तू रागाने लिहिलं आहेस. मीही रागानेच लिहिलं असतं.

काका रागावले की मला बरं वाटतं, निदान समोर काहीतरी असतं. या वेळी ते माळ्यावर गेले आणि तुझ्या फळीच्या जोडीचं स्प्रूसचं लाकूड खाली घेऊन आले. एकाच झाडाचं, एकोणीस वर्षं वाळवलेलं. प्रत्येक फळी बोटाने वाजवून कानाशी धरत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. गुरुवारी म्हणाले, हल्ली मला नीट ऐकू येत नसावं. आणि त्यातली एक फळी कापून चुलीत घातली.

मी बघत होतो. शुक्रवारी दुसरी गेली. तेव्हाही मी बघतच होतो.

उन्हाळ्यात तू ऑर्डर द्यायला आली होतीस तो दिवस मला पाठ आहे. तू मांस सोडल्याला वर्ष झालं होतं. काकांच्या भांड्यातल्या सरसाचा वास आला तशी तू नाकाला रुमाल लावलास आणि विचारलंस, हा कातड्याचाच लागतो का, ज्यात जनावर नाही आणि विषही नाही असं काही मिळत नाही का? काका म्हणाले, "पोरी, उपवासाला बुधवारी-शुक्रवारी मीही मांस खात नाही. पण व्हायोलिनला कसला उपवास? आणि तुझा गज घोड्याच्या केसांचा आहे, तिथे काय गवत लावणार आहेस?" तू हसलीस. खरं तर विषय तिथेच संपला होता.

माझ्यासाठी संपला नाही. मी तुला फाटकापर्यंत सोडायला आलो आणि म्हणालो, मी बघतो. तू "बरं" म्हणालीस. तेवढ्या एका शब्दावर मी महिनाभर गोंद शोधत फिरलो. ब्राशोव्हला वनशास्त्राची दोन वर्षं काढली होती, तेव्हा काकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटायचंच. (ते कॉलेजही मी असंच सोडलं, मास्तरांशी वाद घालून, वही तिथेच टाकून.) शेवटी एक बाटली सापडली. वर हिरवं पान छापलेलं, वनस्पतीपासून केलेला गोंद, बिनविषारी, एकदा धरला की कायमचा. काकांना दाखवली. त्यांनी बूड वर करून बघितलं आणि विचारलं, ही रिकामी झाल्यावर कुठे जाणार? माझ्या भांड्यात कसायाकडचं टाकाऊ कातडं आणि पाणी, उरेल ते सफरचंदाच्या झाडाला. शिवाय माझं व्हायोलिन उघडतं, दुरुस्त होतं, शंभर वर्षं चालतं, तेवढी वर्षं जंगलातलं एक झाड न तुटता उभं राहतं. आणखी काय हवं तुम्हा शिकलेल्यांना?

वादात हरलो की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

सप्टेंबरात काका पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले. जाताना सांगून गेले, स्मारांदाची फळी बसवून ठेव, सरस पातळ कर. मी बाटली उघडली.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. वरची फळी मुद्दाम कमजोर चिकटवतात. हिवाळ्यात खोली तापते, लाकूड सुकून आकसतं, तेव्हा आधी सांधा सुटावा म्हणून. सुटलेला सांधा अर्ध्या तासात परत बसतो. तुझ्या होस्टेलच्या हीटरपुढे हा सांधा सुटला नाही, म्हणून लाकूड फाटलं. हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. शिकंजे आवळताना माझ्या मनात पृथ्वी नव्हती, जनावरं नव्हती. हे कधी सुटू नये, एवढंच होतं. तू मला काहीही करायला सांगितलं नव्हतंस.

आज सकाळी काका तिसरी फळी कापायला बसले आणि मी त्यांच्या हातून करवत घेतली. सगळं सांगितलं. त्यांनी तुझं व्हायोलिन घेतलं, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून सांध्यात घातली. जिथे ती लोण्यातून जावी तशी जायला हवी तिथे स्प्रूसचे तंतू उपटून आले. त्यांनी एक तंतू नखाने सोडवून उजेडात धरला.

"म्हणजे माझं लाकूड बरं होतं," ते म्हणाले.

बस्स, एवढंच. मला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं, आता रोज समोर बसायचं आहे. मग उरलेल्या फळ्या त्यांनी एकेक करून माळ्यावर नेल्या. मी धरायला गेलो तर नको म्हणाले.

ते तुला नवी फळी बसवून देणार आहेत, पण कातड्याच्या सरसानेच. तुला चालत नसेल तर तसं कळव, आकस धरणार नाहीत. मी त्यात बोलणार नाही.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. पूर्वी दुसरं काही हवं होतं, ते आता मागण्याची माझी लायकी नाही आणि ताकदही नाही. तुझ्या प्राध्यापकांकडे जा. ज्या वर्गात त्यांनी काकांचं नाव घेतलं त्याच वर्गात त्यांना माझं घ्यायला लाव. चूक होऊ नये म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो.

टिबेरियु मोल्दोवान,
गावरिलकाकांचा शिकाऊ, ज्याने तुझी फळी चिकटवली