सईच्या घरचा ठेका

मंगळवार, संध्याकाळ

आज सईचं रडणं थांबलं! हुपरीहून मामाकडे राहायला आल्यापासून माझ्या बालवाडीत रोज रडारड. मी पेटी काढली की आणखीनच. गाऊन गाऊन घसा बसला माझा. शेवटी आज वैतागून डब्याच्या झाकणावर नुसती पेन्सिल आपटत बसले, तर ही एकदम गप्प. जवळ येऊन पेन्सिलच काढून घेतली.

"बाई, असं न्हाय. पप्पा हळू ठोकत्यात. न्हायतर चांदीचं पैंजण चेपतंय की."

मग तिनं ठोकून दाखवलं आणि सगळा वर्ग तिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागला. आठवडाभर मी कशाला पेटी बडवत होते?

रोज "घरी कवा?" विचारणारी पोर जाताना म्हणाली, "उद्याबी झाकण आणा."

उद्या, म्हणाली! झाकण आत्ताच पिशवीत टाकलंय.