सर्वांसाठी, एक सोडून

१ सप्टेंबर, रविवार

आज त्यांना वगळलं.

या महिन्यात सर्व माणसांसाठीची प्रार्थना माझ्याकडे आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर महिन्याला ती एका घराकडे असते. उभं राहायचं आणि नावं घेऊन मागायचं. आधी राज्य करणारे — दिल्लीचे, मुंबईचे, मग कलेक्टर साहेब, तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील, फॉरेस्टचा गार्ड. त्यानंतर ज्यांचा विश्वास नाही ते — शेजारचे, झाडफूक करणारा बडवा, मोलगीच्या बाजारात आपल्याला हसणारे. पाळक ईश्वरभाऊ म्हणतात, नाव घेतलं की माणूस डोळ्यांसमोर येतो. नुसतं 'सर्वांना' म्हटलं की कोणीच येत नाही.

आमच्या पाड्याचे पोलीस पाटील म्हणजे माझे जेठ. यांचे थोरले भाऊ. राज्य करणारेही तेच, विश्वास नसणारेही तेच. दोन्हीकडे त्यांचं नाव यायला हवं. मी तलाठ्यावरून सरळ गार्डवर गेले. पद तरी म्हणायचं. तेही गिळलं.

बाहेर पडताना तुळशीबाई म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली — "वाचायला शिकली, पण रीत नाही सोडली. जेठाचं नाव ओठावर येऊ देत नाही."

आमच्यात भावजय जेठाचं नाव घेत नाही. बायको नवऱ्याचं घेत नाही. बाया माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाज.

३ सप्टेंबर

इथे तरी खरं लिहावं.

तीन पावसाळ्यांपूर्वी हे गेले. शेताच्या कडेला, सासू-सासऱ्यांशेजारी खड्डा खणायला सुरुवात केली होती. जेठ आले, पंच त्यांच्या मागे. म्हणाले, "कुळाचा देव सोडला त्याला कुळाची माती नाही." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. अर्धा खणलेला खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी साचलं. यांना जीपमध्ये घालून घाट उतरून ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. जीप लहान. फळीबाहेर पाय आले होते. मी सगळ्या वाटेत ते पाय धरून बसले.

आता त्यांच्याजवळ जायचं तर अर्धा दिवस जातो.

म्हणून नाव येत नाही. रीत-बीत काही नाही.

९ सप्टेंबर

सकाळी जेठ शेतात पडले. लकवा. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. बडव्याने दाणे पाहिले, कोंबडं झालं, काही झालं नाही. मग माझी मोठी जाऊ कालीबाई दारात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुला वाचता येतं. दवाखान्यात चल."

गेले. का गेले ते माहीत नाही.

नंदुरबारला केसपेपरच्या खिडकीवर माणसाने विचारलं, "मावशी, पेशंटनं नाव काय शे?" कालीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिचा नवरा, माझे जेठ. मागे रांग. "नाव सांगाले इतला येळ लागस का? कोन शे तो तुम्हना?" शेवटी कालीबाईने लुगड्याच्या गाठीतून आधार कार्ड काढून पुढे सरकवलं. मागची एक बाई हसली. कालीबाईही हसली, आणि मग तिथेच रडायला लागली.

१२ सप्टेंबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात कालीबाईबरोबर. तिने डब्यातली अर्धी भाकर मला दिली. मग म्हणाली, "तुमच्या तिथे सगळ्यांची नावं घेऊन मागता म्हणे. तलाठ्याचंसुद्धा."

"हो."

"मग याचंही घे ना. बडवा थकला. डॉक्टर मान हलवतो. मला तुमचा देव माहीत नाही, आणि मला नाव घेता येत नाही. तू घे."

"मलाही घेता येत नाही. जेठ आहेत."

"तुमच्यात चालतं म्हणे."

हो. आमच्यात चालतं. हेच तर.

मी म्हटलं, रविवारी बघते. तिने माझा हात धरला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

उभी राहिले. तहसीलदार झाले, तलाठी झाले. तोंड उघडलं. समोर माणूस आला, ईश्वरभाऊ म्हणतात तसा. पण तो खड्ड्याच्या काठावर उभा होता. गार्डवर गेले.

नंतर ईश्वरभाऊंनी बाजूला घेतलं. "ख्रिस्तात जेठ-भावजय नाही, रमिलाबाई. घ्या नाव बिनधास्त. फारच अवघड वाटलं तर नुसतं पोलीस पाटील म्हणा, देवाला कळतं."

देवाला कळतं, तेच तर भय आहे. त्यांना सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर

कालीबाईचा निरोप : घेतलंस का?

उत्तर धाडलं नाही.

१८ सप्टेंबर

लेकीचा, रविनाचा फोन. लोणखेड्याच्या कॉलेजात आहे, परीक्षा जवळ आली. सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, नको घेऊस. बाबांना त्यांनी माती मिळू दिली नव्हती. विसरलीस?" मी म्हटलं, विसरले नाही. "मग?" मग काय, ते मलाही माहीत नाही. जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

तिच्याच जुन्या पुस्तकांवरून मी अक्षरं लावायला शिकले, हे गेल्यावर. तोवर हे वाचायचे आणि मी ऐकायची. घरात बोलतो ती भाषा वेगळी, ही पुस्तकाची. रडू आमच्या बोलीत येतं. लिहिणं या भाषेत येतं. बरंच आहे. लिहिताना रडू येत नाही.

१९ सप्टेंबर

जेठांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता.

२२ सप्टेंबर, रविवार

नाल्याला पूर. उपासनेला कोणीच जाऊ शकलं नाही. सुटले, असं वाटलं. वाटायला नको होतं.

२४ सप्टेंबर

आज त्यांच्या घरी नवं धान्य खाण्याचा दिवस. नवं खाण्याआधी कुळातल्या गेलेल्यांसाठी खाखऱ्याची, म्हणजे पळसाची, पानं मांडतात, प्रत्येकाचं नाव घेऊन घास ठेवतात, मोहाची धार सोडतात. आम्ही त्यात जात नाही. मी जेठांसाठी कुळथाचं पाणी घेऊन गेले होते, म्हणून उंबऱ्यावर उभी राहिले.

या वर्षी पुतण्या नवल पानं मांडत होता. जेठांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. नवलने आजाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, चुलत्यांची घेतली आणि मोहाची बाटली उचलली. जेठ डाव्या हाताने जमीन ठोकायला लागले. नवलला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं, ते सांडलं. पुन्हा ठोकणं. तोंडातून नुसता आवाज. डोळे पानांवर.

कालीबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "अरे, काकाचं राहिलं."

"कुठल्या काकाचं?"

"धनसिंगचं. दर वर्षी तुझा बाप मांडतो, बघितलं नाहीस का कधी? पंच विचारतात, सोडून गेला त्याला कशाला. हा म्हणतो, भाऊ आहे, उपाशी राहील."

नवलने पान मांडलं. मोठ्याने म्हणाला, "धनसिंग, ये, खा." जेठांचा हात थांबला.

तीन वर्षं ते नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं. मला ते घेता येत नाही. रविना बाबा म्हणते. मंडळीत 'रमिलाबाईचे मालक' म्हणतात. मी भांडं उंबऱ्यावरच ठेवलं.

निघताना कालीबाईला विचारलं, "मग माती का नाही दिली?"

ती म्हणाली, "ते मला नाही सांगितलं त्याने. आता सांगणारही नाही."

घरी येऊन चुलीपुढे जेठांचं नाव घेऊन पाहिलं. पहिलं अक्षर आलं. पुढचं आलं नाही. रविवारी घेणार. जिथे वगळलं तिथेच, सगळ्यांसमोर.

२७ सप्टेंबर

सकाळी जेठ गेले.

शेताच्या कडेला पुरले. तो जुना अर्धा खड्डा बुजला होता, तोच खणला.

२९ सप्टेंबर, रविवार

तहसीलदार, तलाठी. थांबले. मग म्हटलं — करमसिंग.

तुळशीबाईने डोळे उघडले. ईश्वरभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "रमिलाबाई, गेलेल्यांसाठी आपण मागत नाही."

म्हटलं, माहीत आहे.

मग त्याला लागूनच दुसरं घेतलं. धनसिंग.