उलटा बाण

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत आणि जीभ त्याहून. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडू नकोस, पूर्ण वाच.

बाबांची जुनी गाडी आठवते ना? कशी विसरशील म्हणा. अपघातानंतर पत्रा ठोकून घेतला आणि सहा वर्षं ती झाकूनच ठेवली होती. आता ब्याऐंशीव्या वर्षी बाबांनी हट्ट धरलाय, एकदा तरी तिच्यातून फेरी मारायची. चालवणार मी. पण आरटीओच्या तपासणीत गाडी नापास! इंजिन ठीक, ब्रेक ठीक, आणि अडलं कुठे, तर समोरच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरपाशी. सोमवारी परत न्यायची आहे. मेकॅनिक म्हणतो, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे पुढच्या वर्षी.

मग मीच पदर खोचला. बटण दाबलं की मोटर घुर्र करते, पाण्याचा मात्र थेंब नाही. बॉनेटवरची दोन्ही भोकं टाचणीने साफ केली. काही नाही. वॉशरच्या पाण्याची बाटली भरली, तारा घासल्या. काही नाही. चार दिवस, छोट्या! काल वैतागून पाना भिरकावला, तो माझ्याच पायावर पडला. वर बाबा खिडकीतून, "तुझ्याच्याने व्हायचं नाही ते." म्हटलं, तुम्ही गप्प बसा हो.

आज सकाळी एकेक पाइप सोडवत गेले. मोटरपाशी सोडवला तर पाणी भसाभस अंगावर. पुढच्या टोकाला ठणठणाट. म्हणजे मध्येच कुठेतरी अडत होतं. मध्ये तो शेंगेएवढा वॉल्व्ह असतो, पाणी एकाच दिशेने सोडणारा. तुला मी काय सांगणार! त्याच्यावरची घाण पुसली तर बाण दिसला. बाण बाटलीकडे, म्हणजे उलटा. आणि पाइपाला लाल लोकरीची गाठ.

ती लोकर माझ्या विणकामातली. गाठही माझीच.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तू वॉशर दुरुस्त करून, पाणी उडवून दाखवून गेलास. मला पाइपात शेवाळ दिसलं. माझी खोड तुला माहीत आहे, दुसऱ्याने घासलेलं भांडं मी पुन्हा घासते. सगळं काढून साबणाने धुतलं आणि परत बसवलं. क्लिप तुटली म्हणून लोकर बांधली. दुसऱ्या दिवशी ट्रकने काचेवर चिखल उडवला, बाबांनी बटण दाबलं, पाणी आलं नाही, आणि गाडी भिंतीवर गेली.

खरं सांगू? दवाखान्यातच मला ते धुणं आठवलं होतं. आपण नीटच बसवलं असणार, असं मनाला बजावलं आणि गप्प बसले. तू जीव तोडून सांगत होतास, "मी तपासून दिलं होतं, पाणी येत होतं." तेव्हा सगळ्यांदेखत तुला खोटारडा म्हणणारी पहिली मीच. बाबांनी 'तोंड दाखवू नकोस' म्हटलं ते त्यानंतर.

बाण फिरवला. काच लख्ख धुतली गेली. आनंद कसला व्हायचा, तिथेच पायरीवर बसून राहिले.

दुपारी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हात उगारतील. ते एवढंच म्हणाले, "पोराचं मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही गं." आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

माफी कोणत्या तोंडाने मागू? खोटारडा सगळ्यांदेखत म्हटलं होतं, तर खरं काय तेही सगळ्यांदेखत सांगेन. काकांना आजच सांगितलं, उद्या आत्याकडे जातेय. तुला चिडायचं असेल तर घरी येऊन चीड, हवं ते बोल. मी मध्ये तोंड उघडणार नाही. पण ये रे. तब्येत ठणठणीत असली तरी बाबांचं वय झालंय.

तू खरं बोलत होतास.

तुझी खोटारडी,
ताई