शेवटची सोळा पानं

रत्नागिरी,
दि. ११ डिसेंबर २००१

ती. आक्कास,

हरिहरचा, गुडघे वाकतात तेवढा वाकून, नमस्कार. तुझा खोकला कसा आहे ते कळव. भाऊजी अजून पहाटे नदीवर आंघोळीला जातात असं ऐकलं. या थंडीत त्यांना जाऊ देऊ नकोस, तुझं नाही ऐकलं तर माझं नाव सांग (माझंही ऐकणार नाहीत). इकडे कलमांना मोहोर बरा धरला आहे. इंदूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं हे तुला फोनवर सांगितलंच. त्यानंतर जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण आमचा फोन ओटीवर आहे आणि माझा आवाज वर्गात शिकवून शिकवून बिघडलेला आहे. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाक, आणि भाऊजींना दाखवू नकोस.

डॉक्टरांनी इंदूला महिनाभर वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही आणि वाचायचं नाही असं सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी तिने आनंदाने पाळल्या (त्या माझ्या वाट्याला आल्या). तिसरी तिला जमेना. ती वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणते हे तुला ठाऊक आहे. एक प्रेमाची, एक खुनाची, आणि मिळालं तर दोन्ही एकातच असलेली. त्यावर मी आजवर जे काही बोललो आहे तेही तुला ठाऊक आहे, कारण तुझ्यासमोरही बोललो आहे. मी मराठीचा मास्तर. निवृत्तीच्या समारंभात 'मुलांना सवंग वाचनापासून दूर ठेवणारे शिक्षक' म्हणून मला शाल दिली होती, ती अजून घडीही न मोडता कपाटात आहे. तर चौथ्या दिवशी इंदू डोळ्यावर हिरवी पट्टी लावून झोपाळ्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं गावाच्या पोरांना वाचून दाखवलंत, आता मला दाखवा."

पुस्तकाचं नाव 'निळ्या बंगल्यातली सून'. नायिका मृणालिनी, तिचा नवरा व्यापारी आणि सदा परगावी, जंगलखात्यातला एक उंच अधिकारी वारंवार पाणी प्यायला येतो, आणि सासूच्या दुधात कोणीतरी रोज थोडं थोडं विष घालतं आहे. मी नाक मुरडून सुरुवात केली. अधिकारी मृणालिनीच्या फार जवळ आला की मी 'इथे थोडं निसर्गवर्णन आहे' म्हणून पान उलटत असे. तिसऱ्या दिवशी इंदू म्हणाली, "निसर्गवर्णनच वाचा." भांडी घासायला येणाऱ्या यमुनाबाईही मागच्या दारातून म्हणाल्या की वगळू नका, मग मागचं पुढचं लागत नाय. तेव्हा मला कळलं की ती बाई तीन दिवस एकच कढई घासते आहे. मग मी सगळं वाचू लागलो. आक्का, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. 'तिच्या पदराचा वास त्याला अजून सोडत नव्हता' हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसायचं निमित्त केलं.

इथवर तरी ठीक. आजारी बायकोची सेवा म्हणून खपून गेलं असतं. पण आठव्या दिवशी इंदू दुपारची झोपली आणि मी पुस्तक घेऊन आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवतो त्या खोलीत गेलो. नुसतं एक प्रकरण पुढे पाहावं म्हणून. तीन प्रकरणं झाली तेव्हा कुळथाच्या पिठल्याचा वास आला, म्हणजे ते जळल्याचा. ते पातेलं यमुनाबाईंनी दोन दिवस घासलं. संध्याकाळी इंदूला वाचून दाखवताना दुधाच्या भांड्याचा उल्लेख आला आणि माझा आवाज कापला. तिने विचारलं, "तुम्ही पुढचं वाचलंत?" मी नाही म्हटलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. खुनाच्या कादंबरीवरून मी तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो (तेव्हा मला तसं वाटलं).

मग पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि वर माझ्या वळणदार अक्षरात 'मराठी व्याकरण' लिहिलं. शेजारच्या लिमयांची अवनी दहावीत आहे, ती समास विचारायला माझ्याकडे येते. मी तिच्यासाठी पाटी-पेन्सिल शोधायला आत गेलो तेवढ्यात तिने व्याकरण उघडलं. बाहेर आलो तर ती गंभीरपणे वाचत होती. म्हणाली, "सर, यात समास कुठे आहेत?" मी म्हटलं, ही वाक्यपृथक्करणाची उदाहरणं आहेत. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची आई कुंपणापाशी येऊन विचारू लागली की ते व्याकरण दोन दिवस मिळेल का.

आणि मग, आक्का, शेवटची सोळा पानंच नव्हती. एकत्र शिवलेला अख्खा फर्मा सुटून गेलेला. सासूच्या दुधात विष कोण घालतं ते ज्या पानावर कळणार त्याच्या आदल्या पानावर पुस्तक संपलं. यमुनाबाई दारात हात तसेच ओले ठेवून उभ्या राहिल्या आणि मी काहीतरी लपवतो आहे अशा नजरेने माझ्याकडे बघू लागल्या. मी वाचनालयात गेलो. तिथल्या विठूने (आपण तक्रार घेऊन आलो आहोत असा चेहरा मी केला होता) वही काढून सांगितलं, आमच्या आधी पुस्तक सौ. डोर्लेकरांकडे होतं, राहणार पूर्णगड, अंगणवाडीच्या बाई, महिन्याच्या मीटिंगला रत्नागिरीत येतात तेव्हा पुस्तकं नेतात. पुढची मीटिंग तीन आठवड्यांनी. मी घरी सांगितलं की कलमांसाठी खत बघायला जातो, आणि सकाळची पूर्णगडची एसटी धरली.

घर किल्ल्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, त्रेचाळीसएक वर्षांच्या. मी नाव सांगायच्या आत त्या उठल्या, पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला. "सर, वळखलंत नाय मला? मी चिमा. नववी ब."

तुला आठवत असेल, नोकरीची पहिली दहा वर्षं मी त्या बाजूच्या शाळेत होतो. मुलांच्या दप्तरांची झडती घ्यायचो, त्याचा मला तेव्हा अभिमान होता. चिमाच्या दप्तरात एक कादंबरी सापडली होती. मी ती सगळ्या वर्गापुढे उंच धरली, काही वाक्यं आवाज काढून वाचून दाखवली, वर्ग हसला, आणि तिच्या वडिलांना चिठ्ठी पाठवली. हे मला तिथे अंगणात उभ्या उभ्या आठवलं. पुढचं ठाऊक नव्हतं, ते तिने सांगितलं, चहा ठेवता ठेवता, काही रोष न धरता. वडिलांनी चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद केली. लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, तिने बाहेरून दहावी केली. मराठीत पंचाहत्तर मार्क पडले, हेही सांगितलं.

 मी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बशीकडे बघत राहिलो. शेवटी तिनेच विचारलं, कशासाठी आलात. आता खताचं सांगणार होतो, पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. म्हटलं, निळ्या बंगल्याची पानं. ती हसली नाही. आत गेली आणि बिस्किटाच्या डब्यातून ती सोळा पानं आणून दिली, दोऱ्याने नीट बांधलेली; शिवण उसवली होती म्हणून काढून ठेवली आणि पुस्तक परत देताना घरीच राहिली, पुढच्या मीटिंगला ती देणारच होती. मग दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "सर, माज्या त्या पुस्तकाचं काय केलंत हो? शेवटची थोडीशीच पानं ऱ्हायली होती. परत कुठं मिळालं नाय. एवढी पुस्तकं वाचली, पण अजून मनात येतं, त्या विंचवाचं काय झालं."

मी म्हटलं, शाळेत जमा केलं असेल, आता काय सापडणार. आणि एसटीत येऊन बसलो. मांडीवर ती सोळा पानं होती, रत्नागिरीपर्यंत एकही वाचवलं नाही. घरी येऊन इंदूला चिमाचं सांगितलं. तिने पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाली, "वाचा आता." यमुनाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि मी वाचलं. विष सासू स्वतःच घेत होती, सुनेवर आळ यावा म्हणून. दोघी फार खूश झाल्या. मला मात्र काही सुख लागलं नाही.

असो. प्रकृतीला जप. भाऊजींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
हरिहर

ता. क. पत्राचं खरं कारण हे. लग्न ठरलं तेव्हा मी तुमच्याकडे देवरूखला एक हिरवी ट्रंक ठेवली होती, वर 'जुने पेपर' असं लिहिलेली. ती माळ्यावर असेल. तिच्यात पेपर नाहीत. मुलांकडून जप्त केलेली पुस्तकं आहेत, जी मी बंबात घातली असं सगळ्यांना सांगत आलो. त्यातलं 'गजऱ्यातला विंचू' नावाचं शोधून रजिस्टर पोस्टाने पाठव. पाठवण्याआधी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसेल, ते खोडरबराने पुसून टाक. वाचू नकोस.

ता. क. २. तू वाचशीलच, म्हणून सांगतो. 'एका बैठकीत संपवलं. शेवट अप्रतिम. विंचू दिराने ठेवला असेल असं स्वप्नातही आलं नाही,' असं तिथे माझ्या अक्षरात आहे, खाली तारीख आहे, आणि ती चिमाच्या वडिलांना चिठ्ठी पाठवली त्याच दिवसाची आहे. ट्रंकेतल्या बाकीच्या पुस्तकांतही असंच काही ना काही सापडेल. त्या दिवशी तिच्या दारात उभा होतो तेव्हा शेवट मला पाठ होता, आक्का. सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मग तो मला कसा ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

ता. क. ३. इंदूला वरचं वाचून दाखवलं. पुसू नकोस. तसंच पाठव, मी स्वतः नेऊन देणार आहे.