डाव्या हाताचं दान

१४ मार्च, रविवार

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सलाम. तू आणि वहिनी लेकीकडे सुखरूप पोचलात, बाळ गुटगुटीत आहे, हे वाचून बरं वाटलं. माझी ऑपरेशनची जखम भरली. तुझ्या घराची किल्ली जपून ठेवली आहे, कुंड्यांना रोज पाणी घालते. वहिनीचा गुलाब फुललाय.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन आभार मानले. सगळी मंडळी उभी राहिली. कशाबद्दल ते सांगते, जरा दम धर.

मी इस्पितळात होते तेव्हा माझ्या दुकानाची किल्ली तुझ्याकडे होती. तू माझी कात्री चर्चच्या शिवणवर्गाला देऊन टाकलीस. मी विचारलं तर म्हणालास, "अगं, वस्तूंत जीव अडकवू नये. आणि उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये." वर आपल्याच विनोदावर हसलास. डावखुऱ्या बहिणीला तो बरोबर कळला.

दादा, ती डाव्या हाताची कात्री होती. वर्गातल्या एकीलाही तिने कापड कापता येईना. बोथट झाली असेल म्हणून त्यांनी ती धारवाल्याकडे दिली, आणि त्याने उलटी धार काढून तिची वाट लावली. आता ती ना त्यांच्या कामाची, ना माझ्या. मी उजव्या कात्रीने कापते. पातं खडूची रेघ झाकतं आणि काप वाकडा जातो. काल एका नवरीचा झगा बिघडवला. तिची आई काय बोलली ते लिहीत नाही.

शाळेत माझा डावा हात बांधून ठेवायचे, आठवतं? आईने तो सोडवला, आणि कानातलं मोडून लोहाराकडून ती कात्री घडवून घेतली. तेव्हा तू म्हणाला होतास, डावीचे नुसते लाड. असो. या विषयावर मला रडायचं नाही.

तर, बाबांची आरामखुर्ची मी देऊन टाकली. जिच्यावर तू मला कधी बसू दिलं नाहीस, जिच्यासाठी वेगळं मऊ फडकं ठेवलंयस, तीच. चर्चच्या म्हाताऱ्या राखणदाराला दिली, तुझ्या नावाने. तो ती फाटकापाशी मांडून बसतो. दर रविवारी तुला तिच्यासमोरूनच आत जावं लागेल, आणि तो उठून तुला आशीर्वाद देईल. हवी तर परत माग. साऱ्या मंडळीसमोर माग.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली नाही. म्हातारा खुर्चीत टेकला, पाठ सैल सोडली आणि डोळे मिटून म्हणाला, "देवा, किती वर्षांनी." मला क्षणभर फार आनंद झाला, आणि तो सूड घेतल्याचा नव्हता. त्याचाच मला संताप आला. तू फुकटात शिकवतोस ते खरं निघावं, आणि तेही माझ्याच हातून!

दान गुप्त असावं, हे मलाही लहानपणापासून शिकवलंय. गप्प बसले असते तर माझ्या नावावर थोडं पुण्य जमलं असतं. मला ते नको. डाव्या हाताने काय दिलं, ते उजव्याला कळलंच पाहिजे.

वहिनीला सलाम, बाळाला पापा.

तुझीच,
डावी